फेंटानिलनंतर छाती ताठरणे: पुढच्या भुलेआधी काय सांगावे?

मारवा:
माझ्या ६८ वर्षांच्या आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. भूल देताना फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचे इंजेक्शन दिल्याबरोबर तिची छाती आणि जबडा इतके ताठरले की मास्कमधून हवा आत जाईना, आणि दुसरे औषध देऊन ते सावरावे लागले, असे भूलतज्ज्ञांनी आम्हाला नंतर स्वतःहून सांगितले. डिस्चार्ज कार्डावर मात्र याचा उल्लेख नाही. आता तिच्या गुडघ्याचे सांधेरोपण ठरले आहे. ही ॲलर्जी समजावी का?

कोरांटी:
शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी माझे खांदे आणि मान अशी आखडली होती की कूस बदलता येत नव्हती. तो हाच प्रकार असावा.

निवृत्त भूलतज्ज्ञ:
कोरांटी, आपला त्रास वेगळा आहे. श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध दिले असल्यास दुसऱ्या दिवशी असे अंग दुखते. फेंटानिलची ताठरता इंजेक्शननंतर मिनिटा-दोन मिनिटांत येते आणि रुग्णाला बहुधा तिची आठवणही राहत नाही.

मारवा, ही ॲलर्जी नव्हे. फेंटानिल स्नायूंवर थेट काम करत नाही. ते मेंदूतील म्यू ग्राहकांवर, म्हणजे अफूवर्गीय औषधे जिथे जोडली जातात त्या जागांवर, काम करते आणि स्नायू आवळण्याचा आदेश तिथूनच सुटतो. त्यात केवळ छाती नव्हे, तर स्वरतंतूही मिटतात, आणि मास्कने हवा न जाण्याचे मुख्य कारण बहुतेकदा तेच असते, जरी आम्ही सवयीने ‘लाकडी छाती’ म्हणत असलो तरी. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला दुवा तोडणारे शिथिलक दिले की आदेश पोहोचत नाही आणि छाती मोकळी होते. आपल्या आईला बहुधा तेच दिले असावे. मात्रा मोठी असली, औषध झटक्यात दिले किंवा रुग्ण वयस्कर असला तर शक्यता वाढते. शिकाऊ असताना मी एकदा सिरिंज घाईने रिकामी केली होती. तेव्हापासून घड्याळाकडे पाहत देतो.

मारवा:
आभारी आहे. नॅलॉक्सोन हा फेंटानिलवरचा उतारा आहे असे वाचले, मग तो का दिला नसेल?

निवृत्त भूलतज्ज्ञ:
त्याने ताठरता जाते, पण त्यासोबत वेदनाशमनही जाते. शस्त्रक्रिया सुरूच होणार असेल तर शिथिलक अधिक सोयीचे. आपण भुलेच्या नोंदपत्राची प्रत मागून घ्या. त्यात औषध, मात्रा आणि वेळ लिहिलेली असते.

मारवा:
प्रत मिळाली. फेंटानिल १०० मायक्रोग्रॅम, आईचे वजन ५२ किलो.

निवृत्त भूलतज्ज्ञ:
म्हणजे किलोमागे दोन मायक्रोग्रॅमहून किंचित कमी, नेहमीचीच मात्रा. त्यामुळे माझा संशय वयावर आणि देण्याच्या वेगावर जातो, मात्र वेग कागदावर उतरत नाही. गुडघ्यासाठी बहुधा कमरेतून भूल देतील. त्यात कधी थोडे फेंटानिल मिसळतात, पण त्या मार्गाने ही ताठरता सहसा येत नाही. तरीही शिरेतून देण्याची वेळ येऊ शकते, म्हणून हा कागद शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे, तर भूलपूर्व तपासणीच्या दिवशीच नव्या भूलतज्ज्ञांच्या हाती द्या.