वळणावर उतरणारा डबा

मॉडेल रेल्वेत इंजिन नीट जातं आणि घरी केलेला आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचा) डबाच १८ इंच त्रिज्येच्या वळणावर रुळांवरून उतरतो, म्हणजे रुळांवर संशय घेण्याआधी कपलर (डबे जोडणारा आकडा) बघा. एचओ मापात (१:८७) हा डबा सुमारे २४५ मिमी लांब येतो आणि बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या सांगाड्यांच्या) मध्यांतलं अंतर १७० मिमी. १८ इंच, म्हणजे ४५७ मिमी त्रिज्येवर त्याची टोकं साधारण ८ मिमी बाहेर जातात. कपलर बॉडीला चिकटवला असेल तर तो शेजारच्या डब्याची बोगी आडवी ओढतो. एवढ्या तीव्र वळणावर कपलर बोगीलाच हवा. दिसायला जरा बेंगरूळ, पण गाडी चालते.

मग वजन. एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या) हिशोबाने या लांबीला १६० ते १६५ ग्रॅम लागतात. नुसत्या स्टायरीनचा (प्लास्टिकच्या पत्र्याचा) डबा त्याच्या जवळपासही जात नाही. वजन आत फरशीवरच चिकटवा, छताला अजिबात नको, नाहीतर डबा डुलतो.

एका बोगीचा स्क्रू इतपत आवळा की ती वळेल आणि पुढेमागे झुकेल, पण डबा कडेला कलणार नाही. दुसरी सैलच ठेवा. दोन्ही आवळल्या की रुळाच्या जोडावर एक चाक उचललं जातं.

आणि हो, वळणावर डब्याचा मध्यही टोकांएवढाच, म्हणजे साधारण ८ मिमी, आत सरकतो, बोगदा-प्लॅटफॉर्म त्या मापाने कापा.