टर्नटेबल, टीव्ही, फोन आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा एकाच ध्वनिसंचाला कसे जोडावेत?

कोमलऋषभ:

नमस्कार. आमच्याकडे एक जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आहेत. दोन्ही उत्तम चालतात आणि ते बदलण्याची आमची इच्छा नाही. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘सीडी’, ‘ऑक्स’ आणि ‘टेप’ अशा इनपुटच्या तीनच जोड्या आहेत, ‘फोनो’ म्हणजे खास टर्नटेबलसाठीचे इनपुट नाही. जोडायच्या वस्तू मात्र पाच आहेत. वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या एलपींसाठी मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजचा (काट्रिज म्हणजे सुईची आंदोलने विद्युतसंकेतात बदलणारा भाग) टर्नटेबल, कॅसेट डेक, टीव्ही, फोन आणि पत्नीच्या रियाजाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा. रियाजाच्या वेळी तानपुरा आणि फोनवरील तबल्याचे ॲप ही दोन्ही एकदम वाजावी लागतात. एरवी एका वेळी एकच साधन पुरते.

टर्नटेबल थेट ‘ऑक्स’ला लावला असता आवाज अत्यंत क्षीण येतो आणि त्यात खर्ज जवळजवळ नसतोच. टीव्हीचा आवाज सेट-टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या आउटपुटमधून घेतला की गाणे सुरू नसतानाही स्पीकरमधून सतत घरघर ऐकू येते. टीव्हीला स्वतःचे ऑप्टिकल आउटपुट आहे, हेडफोनचे नाही. इनपुट कमी पडत असल्यामुळे दोन साधने वाय-केबलने (एका टोकाला दोन फाटे असलेल्या केबलने) एका इनपुटला जोडावीत, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

जोडणीकार:

वाय-केबलचा हा वापर कृपया टाळावा. एका आउटपुटचा आवाज दोन इनपुटना वाटून देण्यासाठी ती केबल चालते, परंतु दोन आउटपुट एकत्र बांधण्यासाठी नाही. इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, साधारणपणे १० ते ५० किलोओहम, म्हणजे पुष्कळ मोठा असतो, तर आउटपुटचा बहुधा काहीशे ओहम किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे दोन आउटपुट जोडले की प्रत्येक साधन ॲम्प्लिफायरऐवजी मुख्यतः दुसऱ्या साधनाच्या आउटपुटलाच विद्युतप्रवाह पुरवत राहते, आवाज दबतो, बऱ्याचदा फाटतो, आणि एक साधन बंद असले तरी त्याचा भार दुसऱ्यावर पडतच राहतो.

म्हणून खरेदीपूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे कोणती साधने एकदम वाजायला हवीत आणि कोणती आळीपाळीने. एकदम वाजणाऱ्यांसाठी मिक्सर लागतो, आळीपाळीने वाजणाऱ्यांसाठी साधा सिलेक्टर स्विच पुरतो. आपल्याकडे तानपुरा आणि फोन ही एकच जोडी पहिल्या गटातली आहे. त्यांच्यासाठी किमान एक मोनो आणि एक स्टीरिओ चॅनल असलेला छोटा मिक्सर घ्यावा. तानपुऱ्याचे आउटपुट बहुधा मोनो असते आणि ते स्टीरिओ केबलने थेट ॲम्प्लिफायरला लावले तर पुष्कळदा एकाच स्पीकरमधून सूर येतो. मिक्सरच्या मोनो चॅनलचे पॅन बटण (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारे) मध्यावर ठेवले की तो दोन्हींकडून सारखा येतो. शिवाय तबल्याच्या तुलनेत तानपुरा किती ठेवायचा, हे गाणाऱ्या व्यक्तीला हाताशीच ठरवता येते, आणि रियाजासाठी ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

टर्नटेबलसाठी वेगळा फोनो प्रीॲम्प, म्हणजे काट्रिजचा क्षीण संकेत वाढवून सुधारणारे उपकरण, आवश्यक आहे. मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजमधून अवघे ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, तर ‘ऑक्स’ इनपुटला काहीशे मिलिव्होल्टची अपेक्षा असते. सीडी प्लेअर तर २ व्होल्टपर्यंत देतो. काट्रिज आणि ‘ऑक्स’ यांतला फरकच सुमारे शंभर पटींचा आहे. परंतु केवळ आवाज वाढवून भागत नाही. एलपी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम कमी केलेले असतात, कारण अन्यथा सुईची आंदोलने इतकी रुंद होतील की एका बाजूवर पुरेसे संगीत मावणार नाही. आणि तारस्वर वाढवलेले असतात, म्हणजे परत ऐकताना ते खाली आणले की तबकडीची खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाते. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) प्रमाणानुसार प्रीॲम्प ही क्रिया उलटी करतो आणि २० हर्ट्झच्या आसपास सुमारे १९ डेसिबल वाढ, तर २० किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढीच घट करतो. आपल्याला खर्ज ऐकू न येण्याचे कारण हेच आहे. मात्र प्रीॲम्प विकत घेण्यापूर्वी टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे बटण आहे का, ते पाहावे. असल्यास प्रीॲम्प आतच आहे आणि बटण ‘लाइन’वर ठेवून काम भागेल. बाहेरचा प्रीॲम्प घेतलाच, तर टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर त्याच्या स्क्रूला जोडायला विसरू नये.

मंद्रसप्तक:

टीव्हीच्या घरघरीविषयी लिहितो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ही घरघर तिची किंवा तिच्या पटींची असते. सेट-टॉप बॉक्सला येणाऱ्या केबल टीव्हीच्या कोॲक्सियल वायरचे बाहेरचे आवरण एका ठिकाणी जमिनीशी जोडलेले असते आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या ठिकाणी. या दोन अर्थिंगमधील किंचित फरकामुळे ऑडिओ केबलच्या आवरणातून विद्युतप्रवाह वाहू लागतो. सेट-टॉप बॉक्समधून कोॲक्सियल वायर क्षणभर काढून पाहावी. घरघर थांबली, तर दोष तिथेच आहे. कोणत्याही परिस्थितीत ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढू नये. घरघर जाते, परंतु विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही जाते.

आपल्या टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आहे, हे उत्तम. त्यातून प्रकाश जातो, विद्युतप्रवाह नाही, त्यामुळे दोन अर्थिंगमधील ही विद्युतजोडणी आपोआप तुटते. ऑप्टिकल इनपुट असलेला छोटा डॅक (डिजिटल संकेताचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या ॲनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण) घ्यावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या डिजिटल स्वरूपावर, ठेवावे. ते ‘डॉल्बी’ किंवा ‘ऑटो’वर राहिले तर दोन चॅनलच्या साध्या डॅकमधून बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही आणि माणूस डॅकलाच दोष देतो. आणखी एक: अनेक टीव्हींच्या ऑप्टिकल आउटपुटची पातळी स्थिर असते, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही. घरात वयस्कर मंडळी टीव्ही पाहत असतील, तर स्वतःचा रिमोट असलेला डॅक शोधावा. जुन्या ॲम्प्लिफायरपर्यंत दरवेळी उठून जाणे त्यांना त्रासाचे होते.

कोमलऋषभ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टर्नटेबलच्या मागे तसे बटण नाही, तेव्हा प्रीॲम्प घ्यावा लागेल. कोॲक्सियल वायर काढल्यावर घरघर पूर्ण थांबली. आता हिशोब असा दिसतो: टर्नटेबल ‘सीडी’ला, डेक ‘टेप’ला, आणि ‘ऑक्स’साठी मिक्सर व डॅक असे दोन दावेदार. डॅकही मिक्सरच्या मोकळ्या स्टीरिओ चॅनलला लावला तर सिलेक्टर वाचेल ना? आणि फोन ब्लूटूथने जोडला तर तबला उशिरा ऐकू येईल का?

जोडणीकार:

तसे लावता येईल आणि आवाजात सांगण्यासारखी उणीव राहणार नाही. तरीही मी सिलेक्टरच सुचवेन. टीव्ही मिक्सरमधून घेतला तर बातम्या पाहण्यासाठीसुद्धा मिक्सर चालू ठेवावा लागेल आणि रियाजासाठी नीट जुळवलेली बटणे कोणाकडून तरी हलतील. दोन इनपुटचा साधा सिलेक्टर विजेशिवाय चालतो, त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. मिक्सरचे आउटपुट घरगुती साधनांपेक्षा जोरकस असू शकते, म्हणून त्याचे मुख्य बटण सुरुवातीला कमी ठेवावे, आणि साधन बदलण्यापूर्वी ॲम्प्लिफायरचा आवाज खाली आणण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी.

मंद्रसप्तक:

ब्लूटूथमध्ये साधारणपणे सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतका विलंब असतो. टीव्ही पाहताना तो ओठांच्या हालचालींवरून लगेच जाणवतो. रियाजात मात्र गाणारी व्यक्ती स्पीकरमधून ऐकू येणाऱ्या ठेक्यालाच धरून गाते आणि विलंब ठेक्याभर सारखाच राहतो, त्यामुळे समेला बाधा येत नाही. फक्त लय बदलल्यावर किंवा ॲप थांबवल्यावर परिणाम किंचित उशिरा ऐकू येतो. तरीही फोन मिक्सरच्या शेजारीच राहणार असेल, तर केबलच बरी, आणि रियाजाच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, म्हणजे विलंबित खयाल चालू असताना सूचनांचे आवाज मध्येच स्पीकरमधून येणार नाहीत.

कॅसेट डेकविषयी एवढेच, की जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘टेप मॉनिटर’ हे बहुधा स्वतंत्र बटण असते. ते दाबलेले राहिले तर निवडलेले दुसरे कोणतेही साधन ऐकू येत नाही. नवी जोडणी करून स्पीकर मुके राहिले, तर केबल उपसण्यापूर्वी ते बटण पाहावे.