'क्रीपर'ला मराठीत काय म्हणावं?

रामबागची:
एका इंग्रजी भयपटमालिकेची मराठी उपशीर्षकं करून राहिले आहे. (होय, 'करून राहिले'. इंदूरची आहे, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी त्यावर घसरायला नको.) मालिका 'जीपर्स क्रीपर्स', २००१, २००३, २०१७ आणि २०२२ असे चार भाग. गाडी अडलीय ती त्यातल्या जीवाच्या नावापाशी.

पाहिली नसेल त्यांच्यासाठी: हा जीव फार जुना आहे. दर तेविसाव्या वसंतात जागा होतो, २३ दिवस माणसं खातो आणि परत झोपतो. पण वाटेल त्याला खात नाही. आधी घाबरवतो, घाबरलेल्याचा वास घेतो आणि त्या वासावरून ठरवतो, याच्यातलं आपल्याला काय हवंय. डोळे खाल्ले की दिसायला लागतं, फुप्फुसं खाल्ली की श्वास चालतो. स्वतःचं जे तुटेल ते दुसऱ्याचं खाऊन भरून काढायचं. पंख आहेत, तरी अंगात लांब कोट, डोक्यावर हॅट आणि हिंडायला गंजका ट्रक.

कोशात 'क्रीपर' पाहावं तर वेल. यंत्राने केलेल्या कच्च्या मसुद्यात खरोखर 'वेल येतेय, पळा!' असं आलं होतं. मी सगळीकडे 'राक्षस' करून टाकलं. परवा आई शेजारी मेथी निवडत बसली होती. पाचदहा मिनिटं पडद्याकडे पाहून म्हणाली, "हा राक्षस नव्हे. याला बहीण कुठाय?" मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, "रावणाला बहीण होती, हिडिंबाला बहीण होती, बकासुराला किर्मीर भाऊ होता. राक्षसाला नातीगोती असतात गं. हा एकटाच." म्हटलं, मग पिशाच लिहू? "पिशाच ट्रक कसा चालवेल?" आणि परत मेथी.

दुसरी अडचण त्याच ट्रकच्या नंबरप्लेटची. तिच्यावर बी, ई, ए, टी, एन, जी, यू अशी अक्षरं आहेत. पहिल्या भागातले बहीणभाऊ ती आधी 'बीटिंग यू' म्हणून वाचतात, म्हणजे 'तुला मागे टाकतोय'. पुढे उलगडतं की ती 'बी ईटिंग यू' आहेत. आता हे मराठीत कसं आणू?

अमरपाठी:
आईंचा मुद्दा बरोबर, पण पिशाचाला त्यांनी उगाच बाद केलं. 'पिशित' म्हणजे मांस. ते खातो तो पिशाच, अशी परंपरेने व्युत्पत्ती देतात. म्हणजे मुळात पिशाचाला दातही आहेत आणि पोटही. आपण मराठीत त्याला हवा करून टाकलं. तरीही शंका असेल तर अमरकोशात शब्दांना तोटा नाही: क्रव्याद म्हणजे कच्चं मांस खाणारा, अस्रप म्हणजे रक्त पिणारा, कौणप म्हणजे प्रेतांवर जगणारा. माझं मत 'क्रव्याद'ला. तीन अक्षरं आहेत, उपशीर्षकात जागाही वाचेल.

सराफ्याचा भिया:
काका, पडद्यावर 'क्रव्याद आला!' लिहिलं तर लोक मागे वळून बघतील, कोण आला म्हणून. सरळ 'आदमखोर' लिहा ना. इंदुरात कुण्या पोराला विचारा, लगेच समजेल.

शनिवारपेठी:
समजेल, कारण ते हिंदी आहे. मराठीत 'नरभक्षक' असताना आदमखोर कशाला? तुम्हा इंदूरकरांचं हे नेहमीचंच.

रामबागची:
आधीच सांगितलं होतं ना घसरू नका म्हणून.

लष्करचा:
ग्वाल्हेरहून. 'नरभक्षक'ला माझा वेगळा आक्षेप आहे. माझे एक मामा वनखात्यात होते. ते सांगत, वाघ नरभक्षक जन्मत नाही, होतो. जखमी झाला, दात पडले, पायात साळिंदराचे काटे रुतले, नेहमीची शिकार जमेना की माणसावर येतो. म्हणजे नरभक्षक ही लागलेली सवय झाली, जात नव्हे. ताईंच्या या महाशयांना सवय लागलेली नाही, ते मुळापासून तसेच आहेत. त्यांना नरभक्षक म्हणणं म्हणजे माशाला पोहणारा म्हणण्यासारखं.

आपल्या भुतावळीतही तो बसत नाही. समंध, खवीस, मुंजा, हडळ, सगळी आधी माणसंच होती. मेली आणि मागे काहीतरी राहिलं म्हणून भूत झाली. 'समंध' हा तर 'संबंध'चाच अपभ्रंश. हा मेलेलाच नाही, मग भूत कसा? जाता जाता: 'खवीस' म्हणजे अरबीतला 'खबीस', दुष्ट. ग्वाल्हेरात आमचे घरमालक भाडेकरूंना जिवंतपणीच खबीस म्हणत.

शनिवारपेठी:
उदाहरण छान. पण 'नरभक्षक'चा अर्थ कोशात बघा. त्यात सवय वगैरे काही नाही, माणसं खाणारा एवढंच आहे.

लष्करचा:
कोशात 'क्रीपर' म्हणजे वेलही आहे.

सराफ्याचा भिया:
😂

अमरपाठी:
आदमखोरवरून एक सांगतो. 'खोर' फारसी आहे, 'खुर्दन' म्हणजे खाणे, त्यातला. हरामखोर म्हणजे हरामाचं खाणारा, तिथे खाणं अजून शिल्लक आहे. पण 'भांडखोर' घ्या. तो भांडणं खातो का? मराठीत येऊन 'खोर'चे दात पडले आणि नुसती खोड उरली. म्हणून मराठी कानाला आदमखोर म्हणजे ज्याला माणसांची खोड आहे असा, म्हणजे फार तर गप्पिष्ट.

सराफ्याचा भिया:
मग लाचखोर? तो तर खातो. आणि लाचखाऊ पण म्हणतात. दोन्ही चालतात तर 'माणूसखाऊ' का नाही?

शनिवारपेठी:
'खाऊ' म्हटलं की लहान मुलाच्या हातातली चकली दिसते. भीती कुठून वाटणार?

दांडियाबाजार:
बडोद्याहून लिहितेय. इतका वेळ नुसती वाचत होते. या सगळ्यात एक शब्द कुणालाच कसा आठवला नाही?

माझी आजी गोष्ट सांगायची. राजपुत्र राक्षसाच्या वाड्यात माळ्यावर लपलेला असतो, राक्षस दारातून आत येतो आणि नाक वर करून म्हणतो, "माणूसघाण येतेय, माणूसघाण!" हे म्हणताना आजी खरंच नाक फेंदारून आमच्या एकेकीच्या केसांपाशी यायची. माझ्या धाकट्या बहिणीला ती कायम शेवटी हुंगायची, आणि ती दरवेळी ओरडायची. आजीने तिच्या अंगाला कधी हातसुद्धा लावला नाही, नुसती जवळ यायची. रामबागचीताईंनी 'आधी घाबरवतो, मग वास घेतो' असं लिहिलंय ते वाचलं आणि हेच डोळ्यांसमोर आलं.

तर माझी सूचना: 'माणूसघाण्या'. जो माणसाच्या घाणीवर, म्हणजे वासावर येतो तो.

शनिवारपेठी:
ताई, गोष्ट सुंदर आहे. पण 'माणूसघाणा' म्हणजे ज्याला माणसांचा तिटकारा आहे, जो चार लोकांत मिसळत नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आहेत. तुमच्या जीवाला माणसं आवडतात, फारच आवडतात. अर्थ अगदी उलटा.

दांडियाबाजार:
अर्थ उलटा झालाय, मुळात नव्हता. घाण म्हणजे आधी नुसता वास असणार. राक्षसाला येते ती माणूसघाण. पुढे घाण म्हणजे दुर्गंधी झाली आणि ज्याला माणसांची दुर्गंधी येते तो माणूसघाणा. माझी तर खात्री आहे की तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्यांचा शब्द माझ्या आजीच्या राक्षसाकडून आलाय.

अमरपाठी:
पहिला भाग पक्का. घाण ही 'घ्राण'मधून आली, आणि घ्राण म्हणजे वास घेणं किंवा नाक, त्यात वाईट काही नाही. 'सुगंध'मधला गंध चांगल्या घरी राहिला आणि घ्राण बिचारी उकिरड्यावर गेली. पण माणूसघाणा राक्षसाकडून आला ही तुमच्या घरची व्युत्पत्ती दिसते. प्रेमळ आहे, पुरावा नाही.

दांडियाबाजार:
पुरावा म्हणून आजी होती, ती गेली.

लष्करचा:
आमच्याकडे त्या गोष्टीत 'मानुसगंध, मानुसगंध' असं होतं. बहुतेक बुंदेलखंडी शेजाऱ्यांचा परिणाम. राक्षस मात्र तोच.

रामबागची:
'माणूसघाण्या' मला मनापासून आवडला, पण एक खोच आहे. याला नुसत्या माणसाचा वास पुरत नाही, त्याला भीतीचा वास लागतो. दुसऱ्या भागात शाळेच्या बास्केटबॉल संघाची बस रस्त्यात बंद पडलेली असते आणि हा काचेबाहेरून एकेक पोर निवडत असतो. सगळेच माणसं, सगळेच घाबरलेले, तरी त्याला हवे ते काहीच. घरचं कुणी मंडईत भोपळा निवडतं ना, उचलून, हुंगून, परत ठेवून, तसं. हे 'माणूसघाण्या'त येत नाही.

शनिवारपेठी:
मग 'भयघ्राणी'.

सराफ्याचा भिया:
हे होमिओपॅथीचं औषध वाटून राहिलंय.

शनिवारपेठी:
हसा. ज्या 'चित्रपट' आणि 'दिग्दर्शक'शिवाय तुमचं एक वाक्य पुढे जात नाही, ते शब्द सावरकरांनी सुचवले तेव्हाही लोक असेच हसले होते. शब्द वापरला की अंगवळणी पडतो.

दांडियाबाजार:
पडतो आणि पडतही नाही. त्यांचे काही रुळले, काही कुणाला आठवत नाहीत. आमच्या सयाजीरावांनी १९३१ साली 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला, त्यात एकाच कारभारी शब्दाला आठ भाषांतले पर्याय शेजारी शेजारी ठेवले. निवडणाऱ्याने निवडावं. मला ही रीत भांडणापेक्षा बरी वाटते.

शनिवारपेठी:
भांडत कोण आहे?

सराफ्याचा भिया:
नंबरप्लेटचं सगळे विसरले. मी सकाळी पोहे खाताना बसवलं, बघा जमतंय का. प्लेटवर लिहा: 'तुलाखाऊ'. जोडून, मध्ये जागा न सोडता. बहीण आधी वाचते, 'तुला खाऊ', म्हणजे कुणी मुलांसाठी खाऊ घेऊन चाललाय. भाऊ हसतो. नंतर तीच अक्षरं, 'तुला खाऊ', म्हणजे तुला खातो. एक अक्षर बदललं नाही.

रामबागची:
अहो!!! हे माझ्या दोन दिवसांत सुचलं नव्हतं. 'मागे टाकतोय' जातं, पण आधी निरुपद्रवी आणि मग घास, हे येतं. मूळ विनोदाचा जीव तोच आहे.

लष्करचा:
भले! हा तर 'ध' चा 'मा' न करता केलेला 'ध' चा 'मा'. आनंदीबाईंना निदान एक अक्षर बदलावं लागलं होतं म्हणतात.

अमरपाठी:
मजा आली, पण नोंदवून ठेवतो की जुन्या लेखनात हा श्लेष मेला असता. खाण्याची वस्तू ती 'खाऊ', आणि क्रियापद 'खाऊं', डोक्यावर अनुस्वार. १९६२च्या नियमांनी हे अनुस्वार काढले म्हणून तुमच्या ट्रकला प्लेट मिळाली. माझे वडील शेवटपर्यंत अनुस्वार देत. त्यांनी ही प्लेट लांबूनच ओळखली असती आणि गाडी वळवली असती.

शनिवारपेठी:
शिवाय 'मी तुला खाऊ' हे प्रश्नाशिवाय अपुरं आहे. 'खाऊ का?' हवं.

सराफ्याचा भिया:
तो विचारून खात नाही, भिया.

दांडियाबाजार:
'खाऊ' म्हणजे नक्की काय पण? आमच्याकडे बाहेरून आणलेलं ते खाऊ. घरी केलेला चिवडा खाऊ नाही.

लष्करचा:
चूक. डब्यात भरला की खाऊ, ताटलीत वाढला की फराळ.

रामबागची:
मंडळी, प्लेट सुटली, नाव राहिलं. आणखी एक: 'दर तेविसाव्या वसंतात' हे आईला कळलं नाही. तिला वाटलं, याला तेविसावं लागलं, वाढदिवस आहे.

लष्करचा:
बरोबरच आहे त्यांचं. 'तेविसावा वसंत' म्हणजे वयच. 'दर तेवीस वर्षांनी, वसंतात' असं तोडा. बारा वर्षांचं एक तप, त्यामुळे 'दोन तपांना एक वर्ष कमी' असंही म्हणता येईल, पण मग तो ऋषी वाटेल.

अमरपाठी:
उज्जैनचा सिंहस्थही तुमच्या शेजारीच. २०१६ला झाला, आता २०२८. ठरावीक वर्षांनी येऊन भरपूर जेवण्याची कल्पना माळव्याला नवी नाही. आणि हप्त्याने माणूस खाणारा आपल्याकडे होताच: बकासुर. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. वाहनही आलं.

रामबागची:
काका, पण 'बकासुर' लिहिलं की लोकांना लग्नाच्या पंगतीतला एखादा मामा आठवतो.

शनिवारपेठी:
माझं अजूनही नरभक्षक.

सराफ्याचा भिया:
घरी केलेल्या चिवड्यावर जीरावण टाकलं तर तो खाऊ होतो का?

दांडियाबाजार:
जीरावण म्हणजे? मेतकूट का?

सराफ्याचा भिया:
मेतकूट?? ताई, एकदा इंदूरला याच.

लष्करचा:
दोन्हींत जिरं आणि हिंग असतं, म्हणजे नातं तर आहे.

अमरपाठी:
जिऱ्याचं नातं 'जीरक'शी, आणि ते 'जीर्' म्हणजे पचणं याच्याशी.

रामबागची:
फाइल उद्या सकाळी द्यायची आहे. नावाच्या जागी सध्या कंस आहे आणि कंसात आईने सांगितलेलं 'तो'.

सराफ्याचा भिया:
सकाळी म्हणजे किती वाजता, ताई?