‘वर्षातला सगळ्यात सुंदर दिवस – 26 मे’?? अहो, कुणासाठी?

द्राक्षवाला

काल इथे ‘गॅलरीतला चहा’ यांनी 2025 मधल्या आपल्या आवडत्या क्षणांची यादी टाकली. म्हटलं वाचू, वर्षाचा शेवट आहे, जरा बरं वाटेल. पोरींचा क्रिकेट वर्ल्डकप आहे, बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले ते आहे, बुद्धिबळातली दिव्या देशमुख आहे, सगळं मान्य. आणि एक नंबरला काय? "26 मे. मान्सून मुंबईत, 1950 पासूनच्या नोंदींत सगळ्यात लवकर. उन्हाळाच गायब! गॅलरी, आल्याचा चहा आणि गरमागरम कांदाभजी. वर्षातला सगळ्यात सुंदर दिवस." त्यावर खाली बदामांचा पाऊस.

कांदाभजी वाचलं आणि डोकंच फिरलं. त्या भजीतला कांदा तेव्हा माझ्या वावरात भिजत होता हो. उन्हाळ कांदा काढून, पात कापून, ढीग लावून ठेवला होता, कांदाचाळीत भरायला चार दिवस मजूर मिळेना. पाऊस मेच्या पहिल्या आठवड्यापासूनच चालू होता, 26 तारखेचं कौतुक तुम्हाला. वरून ताडपत्री, खालून पाणी. जो भरला तो ऑगस्टपर्यंत चाळीत सडला, वास असा की कुत्रं फिरकेना. उरलेला विकला तेव्हा क्विंटलला 900 हातात आले.

आणि द्राक्षाचं तर कुणी बोलतच नाही, कारण ते दिसत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की पुढचे दीड-दोन महिने काडीला ऊन लागतं, पुढच्या हंगामाचा घड तेव्हाच काडीत तयार होतो. ते ऊनच मिळालं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुटली, पानं मस्त, घड शोधावे लागतात. सहा महिन्यांनी कळतं की तुमचा सुंदर दिवस आपल्याला केवढ्याला पडला.

यादी करा, हरकत नाही. पण जरा आजूबाजूला बघून करा.

गॅलरीतला चहा

दादा, नुकसान झालं त्याचं वाईट वाटतंच, पण ती ‘माझे आवडते क्षण’ अशी यादी होती, तलाठ्याचा पंचनामा नव्हता. उद्या मी लिहिलं की मला गुलाबी थंडी आवडते तर कुणीतरी येऊन सांगणार थंडीने त्याच्या म्हाताऱ्याला दमा लागला. मग माणसाने आवडून घ्यायचं तरी काय? मी पाऊस आणला नाही, फक्त चहा प्यायलो.

भाऊचा धक्का

चहा प्यायलात ते ठीक, पण मुंबईतसुद्धा तो दिवस सुंदर होता हे कुणी सांगितलं? नव्याकोऱ्या भुयारी मेट्रोच्या स्टेशनात पाणी घुसलं त्या दिवशी, मी ऑफिसला निघालेला दुपारी अडीचला पोचलो, भिजलेल्या बुटांनी. कुलाब्याला मे महिन्याच्या पावसाचा 1918 चा रेकॉर्ड मोडला, 107 वर्षांचा! आणि आमच्या कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील काळे पडले. ऐन आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत. सुकी मासळी म्हणजे आमच्या बायकांचा पावसाळ्यातला बँक बॅलन्स असतो, ते गॅलरीतून नाही दिसत.

टेरेसवरची

सगळे कांदा, द्राक्षं, बोंबील बोलतायत म्हणून मी पण बोलते. आमच्या कुरडया. हसू नका.

गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून फडक्यातून चीक गाळायचा, रात्रभर ठेवून सकाळी वरची निवळ ओतून द्यायची. मग आधणात मीठ-हिंग घालून चीक ओतायचा आणि गुठळी होऊ न देता हाटायचा, खांदा निघतो. गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या, ऊन चढायच्या आत. आता सांगा, तीन दिवस भिजलेला गहू आभाळ आलं म्हणून परत कोरडा होतो का? मी 5 किलो भिजवला होता. कुरडया घातल्या आणि तासाभरात आभाळ फुटलं. चादरीसकट घरात आणल्या, हॉलमध्ये पंख्याखाली पसरल्या, तिसऱ्या दिवशी त्यावर गुलाबी बुरशी. उरलेला चीक घरात चार दिवस सगळे दूध-गूळ घालून खात होते, मुलगा म्हणाला आई आता चीक दिसला तर मी होस्टेलला जातो.

यंदा दिवाळीत पहिल्यांदा विकतच्या तळल्या. फुलल्या नाहीत. चव म्हणजे मीठ लावलेला पुठ्ठा.

सातपुडा एक्सप्रेस

ताई, दुःख समजलं, पण कुरडई म्हणजे वाळवण नव्हे. खान्देशात या, ज्वारीची बिबडी खा. आमची आई अजून 70 व्या वर्षी गल्लीतल्या बायका जमवून शंभर-दीडशे बिबड्या एका सकाळी थापते, खाटेवर धोतर टाकून. कच्ची ओली बिबडी, वर तेल आणि शेंगदाणे, स्वर्ग! तुमच्या पुण्या-मुंबईच्या पोरींनी हे सगळं सोडून दिलंय, पाऊस हे निमित्त आहे. आमच्याकडे पावसात उघडीप बघून केलीच.

टेरेसवरची

पहिलं म्हणजे मी पुण्या-मुंबईची नाही, बार्शीची. दुसरं, "सोडून दिलंय" म्हणायचा अधिकार तुम्हाला तेव्हा, जेव्हा तुम्ही स्वतः पहाटे साडेतीनला उठून चुलीपुढे बसाल. तुमची आई 70 व्या वर्षी थापते आणि तुम्ही ओली बिबडी तेल लावून खाता, याचा अभिमान कुणाला वाटायला हवा आणि लाज कुणाला हे तुम्हीच बघा.

सातपुडा एक्सप्रेस

झालं, आणा स्त्रीवाद. साधी बिबडीची गोष्ट होती. मी खाट उचलून गच्चीवर नेतो, कावळे हाकलतो, ते काम नाही का?

नागपुरी संत्रं

कावळे हाकलतो हाहाहा. भाऊ, ते काम आमच्याकडे सहा वर्षांच्या पोराला देतात, काठी देऊन.

बाकी कुरडई-बिबडी चालू द्या, सरगुंडे नावाचा वाळवणाचा एक प्रकार असतो हे पश्चिम महाराष्ट्राला माहीतच नाही आणि तेच दुखणं मूळ यादीचं. दिव्या देशमुख पाचव्या नंबरवर? पाचव्या?! 19 वर्षांची पोरगी, बातुमीला जाऊन, फायनलला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून वर्ल्डकप घेऊन येते, ग्रँडमास्टर किताबासाठी लागतो तसा एकही ‘नॉर्म’ आधी नसताना थेट ग्रँडमास्टर होते, आणि तिच्या वर पाऊस आणि भजी. पुण्याची असती तर एक नंबरला असती आणि लक्ष्मी रोडवर कमान लागली असती. आम्हाला सवय आहे म्हणा.

स्कोअरकार्ड

यादीतल्या वर्ल्डकपबद्दल कुणी बोलेल का? 2 नोव्हेंबरला रात्री बारा वाजता स्टेटस टाकणारे सगळे अचानक चाहते झाले. इंदूरला इंग्लंडकडून 4 धावांनी हरलो, सलग तिसरी हार, स्मृती 88 वर आऊट झाली आणि सामना हातातून गेला, तेव्हा हेच लोक "यांच्याकडून होणार नाही" लिहीत होते. त्या मॅचला जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं होतं, आणि त्याच जेमिमाने सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे 338 पार करताना नाबाद 127 केले. फायनल आवडली म्हणणं सोपं आहे. इंदूर आवडून दाखवा.

गॅलरीतला चहा

मी इंदूरची मॅच शेवटच्या बॉलपर्यंत बघितलीय, रिमोट फेकलाय, बायकोला विचारा. कृपया ‘खरा चाहता’ प्रमाणपत्र वाटप बंद करा. आणि नागपूरकर, नंबर आवडीचे होते, गुणवत्ता यादी नव्हती, किती वेळा सांगू.

टेरेसवरची

खाट उचलतो!! मला अजून त्याचंच हसू येतंय. सातपुडा, बिबडीचं पीठ किती दिवस आंबवतात सांगा बघू. गुगल न करता.

सातपुडा एक्सप्रेस

आईला विचारून सांगतो.

टेरेसवरची

बसा मग.

भाऊचा धक्का

ताई, तुमचा राग बरोबर आहे, पण विकतच्यांना पुठ्ठा म्हणू नका. माझी बहीण बचत गटात आहे, अलिबागकडे, पोह्याचे मिरगुंड, तांदळाच्या फेण्या, आमसुलं करतात. त्यांचंही हेच ऊन गेलं. कोकमाच्या साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवाव्या लागतात, मध्ये पाऊस आला की बुरशी, फेकायचं. घरी एक 5 किलो गहू वाया जातो, गटाची वर्षाची कमाई गेली. तुम्ही सगळे घरचं की विकतचं करत बसलाय, त्या घरचंच विकतात.

टेरेसवरची

बरं. पुठ्ठा शब्द मागे घेते. ज्या दुकानातून आणल्या त्याच्यापुरता ठेवते.

गडकोट

मी फक्त एवढंच म्हणायला आलोय की बारा किल्ल्यांच्या बातमीवर नाचणाऱ्यांपैकी किती जणांना बारा नावं सांगता येतील? 11 जुलैला पॅरिसच्या बैठकीत ठरलं, आणि पुढच्याच रविवारी लोहगडावर पायऱ्यांवर तासभर लाईन, पाण्याच्या बाटल्या आणि कणसाची बुरखुंडं. सात नावं आली की लोक अडकतात. बारावा जिंजी, तो तामिळनाडूत आहे, राजाराम महाराज तिथे राहिले होते, हेही सांगावं लागतं. असो, बिबडी चालू द्या.

द्राक्षवाला

मी सकाळी बागेत होतो, आता बघतो तर माझ्या कांद्याची बिबडी झालीय.

‘गॅलरीतला चहा’ यांना परत एकदा. तुम्ही म्हणता पाऊस तुम्ही आणला नाही. बरोबर. पण दरवेळी असंच असतं, गारपीट झाली की पेपरात पांढऱ्या रस्त्याचा फोटो, खाली "मिनी काश्मीर". काश्मीर! त्या गारांखाली माझ्या चुलत्याची डाळिंबं होती. ज्या दिवशी फायनल दोन तास उशिरा सुरू झाली ना, त्या पावसात कोकणात माझ्या मेव्हण्याचं कापणीला आलेलं भात आडवं पडून लोंबीलाच मोड आले. तुम्हाला तो पाऊस म्हणजे टॉस लांबला एवढंच. आणि सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडे जे केलं, जमिनीची माती खरवडून नेली, ते तर तुमच्या यादीत नावालाही नाही.

गॅलरीतला चहा

आवडत्या क्षणांच्या यादीत पूर कसा असेल दादा? तुम्हीच वाचा, काय लिहिताय ते.

आता सांगतोच, सांगायचं नव्हतं. माझे वडील मार्चपासून आजारी होते. 40 दिवस हॉस्पिटल, त्यातले 11 आयसीयू. मेच्या मध्याला घरी आणलं, बोलत नव्हते, गरम होतंय एवढंच. 26 तारखेला सकाळी धो धो लागला तेव्हा स्वतःहून म्हणाले खुर्ची गॅलरीत टाक. तासभर बसले. चहा मागितला, भजी मागितली, डॉक्टरने तळलेलं बंद केलेलं, तरी दोन दिली. ऑगस्टमध्ये गेले. त्यानंतर त्यांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे तो दिवस एक नंबरलाच राहणार, तुमचा कांदा सडला असला तरी. माफ करा, पण राहणार.

नागपुरी संत्रं

…ठीक आहे, दिव्या पाचवी चालेल.

द्राक्षवाला

हे आधी लिहायचं ना राव. भजीचं लिहिलं, वडिलांचं नाही.

राहू द्या एक नंबरला. पण उन्हाळा गायब झाला म्हणून आनंद झाला, त्या वाक्यावर माझं मत तेच आहे. उन्हाळा गायब होणं ही चांगली बातमी नाही.

आणि ‘स्कोअरकार्ड’ यांना, इंदूरची मॅच मी पण पाहिली, मोबाईलवर, फवारणीच्या टाकीवर बसून. फायनलला लाईट गेली होती, शेवटच्या पाच विकेट रेडिओवर ऐकल्या. दीप्तीने पाच घेतल्या ते ऐकूनच कळलं. माझ्या यादीत तो एक नंबर. झालं समाधान?

स्कोअरकार्ड

रेडिओ! मान्य. तुम्ही खरे चाहते. बाकीच्यांचं बघू.

सातपुडा एक्सप्रेस

आईला विचारलं. ती म्हणाली ज्वारीची भरड आधी दोन-तीन दिवस भिजवून आंबवायची, मग शिजवायची. आणि म्हणाली की मी या विषयावर कुठेही काही लिहू नये.

टेरेसवरची

आईंना माझा नमस्कार सांगा. ‘भाऊचा धक्का’, तुमच्या बहिणीच्या गटाच्या फेण्या बार्शीला पार्सल येतात का? तांदळाच्याच हव्यात, किलोचा भाव सांगा.

भाऊचा धक्का

विचारतो. पण फेण्या मार्चनंतर. ऊन पडलं तर.