शाळेतली तक्रार नेमकी कुठे अडते? खानदेशातल्या जाणकारांचा अनुभव धागा

धागा उघडताना

शिंदखेड्याकडची दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, अमळनेरची ऐंशी माणसांचा स्टाफ असलेली संस्था आणि धडगावची निवासी आश्रमशाळा, तिन्हींना आपण शाळाच म्हणतो. पण सहकाऱ्याने, मुख्याध्यापकाने किंवा संस्थाचालकाने केलेल्या लैंगिक छळाची तक्रार प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दारात जाते. ज्यांनी समितीवर काम केलंय, कागद सांभाळलेत, सुनावण्या बघितल्यात, त्यांनी इथे लिहावं. शाळेचं आणि माणसांचं नाव नको, स्वतःची कहाणीही नको. काय करायचं आणि कुठे फसतं, तेवढं सांगा.

अंतर्गत समितीच्या अध्यक्ष, माध्यमिक शाळा, जळगाव जिल्हा

सुरुवात फलकापासून करते. बहुतेक शाळांच्या भिंतीवर अजून 'विशाखा समिती' लिहिलेलं असतं. ते नाव १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून आलं. आज चालतो तो कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेला, आणि त्यात नाव आहे अंतर्गत समिती. जुनं नाव राहिलं म्हणून काही बिघडत नाही, रचना जुनी राहिली की बिघडतं.

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर समिती हवीच. मोजताना फक्त मान्यताप्राप्त शिक्षक धरतात, ती चूक. शिपाई, लिपिक, तासिकेवरचे, ठेकेदारामार्फत आलेले, पोषण आहाराच्या स्वयंपाकी ताई, बी.एड.च्या छात्राध्यापिका, सगळे मोजा. या सगळ्याजणी तक्रारही करू शकतात.

अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांपैकी किमान दोन सदस्य आणि एक बाहेरचा सदस्य, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. आमच्याकडे नेहमी सापडणारे दोष म्हणजे तीन वर्षं उलटून गेली तरी तोच आदेश भिंतीवर, आणि बाहेरचा सदस्य म्हणून चेअरमनच्या घरचंच कुणीतरी. सुनावणीच्या दिवशी समोरची बाजू पहिलं बोट तिथेच ठेवते.

आणखी एक घोळ गेल्या काही वर्षांत वाढलाय. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते. शिक्षिकेने तक्रार दिली की मुख्याध्यापक तीच समिती बसवतात. ती विद्यार्थ्यांसाठी आहे, कर्मचाऱ्यांच्या तक्रारीची चौकशी तिने करायची नाही. दोन महिने तिथे घालवल्यावर हे लक्षात आलं, तर मुदतीचं काय होतं ते पुढे बाह्य सदस्य ताई लिहितीलच.

समितीच्या बाह्य सदस्य, धुळे

हो, मुदत. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. समितीला आणखी तीन महिने वाढवता येतात, पण उशिराचं कारण समितीने स्वतः लिहून ठेवावं लागतं. 'समजून घेऊन मुदत वाढवली' एवढ्या ओळीने भागत नाही. घरी आजारपण होतं, बदलीची धमकी होती, तक्रार चुकीच्या समितीकडे गेली होती, जे असेल ते तारखांसह लिहा. सहा महिन्यांपुढे समितीच्या हातात काही राहत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या विधी विद्यापीठातली तक्रार याच कारणाने मुदतबाह्य ठरवली. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबरमधली. त्यानंतरच्या प्रशासकीय कारवाया छळाच्या मालिकेत धरल्या नाहीत. म्हणून 'नंतर वेळापत्रक बदललं, पगारबिल अडवलं' एवढ्यावर मुदत लांबेल, असं गृहीत धरू नका.

आता तारीख काढायची कशी? 'साधारण पावसाळ्यात' असं लिहिलेली तक्रार उलटतपासणीत टिकत नाही. आपल्याकडे बायकांना तारीख आठवत नाही, सण पक्का आठवतो. 'कानबाईचे रोट होते त्याच्या दुसऱ्या दिवशी' असं कुणी म्हणाली की कॅलेंडर उघडायचं. कानबाई म्हणजे खानदेशातला देवीचा सण, नागपंचमीनंतरचा रविवार तिचा, म्हणजे दुसरा दिवस सोमवार. मग त्या सोमवारचं हजेरी मस्टर, त्या दिवशीचं वेळापत्रक, कुणाचा ऑफ तास होता, सगळं जुळतं.

शब्द जसेच्या तसे. हे मी दहादा सांगते. तो अहिराणीत म्हणाला, 'तू आज भलती भारी दिसी ऱ्हायनी,' आणि समितीच्या जबाबात उतरतं, 'आपण सुंदर दिसत आहात असे म्हणाले.' 'तू'चं 'आपण' झालं तिथेच अर्धी तक्रार गेली. मुळात 'तू' म्हणण्याइतकी ओळख नसताना 'तू' म्हटलं, यातच छळाचा सूर असतो. अहिराणी वाक्य अहिराणीत लिहा, खाली मराठी अर्थ द्या. भिली, पावरीचंही तसंच, दुभाष्या बसवला तर त्याचं नाव आणि सही घ्या.

तक्रारदाराला लिहिता येत नसेल तर लिहून देण्यासाठी मदत करणं ही समितीची जबाबदारी आहे. 'आधी नीट अर्ज आण' म्हणून परत पाठवायचं नाही.

वरिष्ठ लिपिक, खासगी अनुदानित शाळा

तक्रारीच्या सहा प्रती लागतात. त्यासोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. हे नियमात आहे, तरी तक्रारदाराला कुणी सांगत नाही.

आता आमच्या टेबलावरची गोष्ट. आवक रजिस्टर उघडंच पडलेलं असतं. त्यात 'विषय' रकान्यात अमुक बाईंची अमुक सरांविरुद्ध तक्रार असं लिहिलं, की चहा येईपर्यंत सगळ्या स्टाफला कळतं. नाव फोडणं हा कायद्याचा भंग आहे, दंड पाच हजार. म्हणून बंद पाकीट समितीच्या अध्यक्षांच्या नावे, रजिस्टरला फक्त 'गोपनीय, अध्यक्ष, अंतर्गत समिती', क्रमांक आणि तारीख. तक्रारदाराच्या प्रतीवर तोच क्रमांक, तारीख, सही. घेतलीच नाही तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच जपा.

कॅमेऱ्याचं चित्रण मागायचं असेल तर त्याच दिवशी लेखी मागा. हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. आठवड्यांचाच खेळ असतो, समिती बसेपर्यंत काही उरत नाही. मस्टर, हालचाल रजिस्टर, रजेचे अर्ज यांच्या साक्षांकित प्रतीही लगेच घ्या. नंतर पानं 'सापडत नाहीत'.

शिक्षक संघटनेचं काम पाहणारे, नंदुरबार

दुसरी बाजूही लिहायला हवी, कारण समितीच्या घाईमुळे खरी तक्रारसुद्धा कोर्टात पडते.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत मिळाली पाहिजे, उत्तराला त्याला दहा कामकाजाचे दिवस. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर. वकील कुणालाही आणता येत नाही. सलग तीन तारखांना कुणी सबळ कारणाशिवाय आलं नाही तर एकतर्फी निर्णय घेता येतो, पण त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तक्रारदार महिला आहे म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत असं चालत नाही. समोरासमोर बसवायचं नसेल तर लेखी प्रश्नावली घ्या, समितीने प्रश्न वाचून दाखवावे, बाई उत्तर देतील.

गोव्यातल्या विद्यापीठाच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगदी हेच पाहिलं. थोड्या दिवसांत बैठकांमागून बैठका उरकल्या, आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, म्हणून कारवाई रद्द झाली. घाई केली म्हणून सगळं मुळापासून करायला लागलं.

आणि शिक्षकांनी 'खोटी तक्रार केली म्हणून उलटी कारवाई करा' असं लगेच ओरडू नये. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी, असं कायदा म्हणत नाही. हेतू दुष्ट होता हे वेगळं चौकशी करून सिद्ध व्हावं लागतं.

निवृत्त विस्तार अधिकारी, जिल्हा परिषद

दोनशिक्षकी शाळेत समिती कुठून येणार? तिथे तक्रार एकतर जिल्हा परिषदेच्या किंवा पंचायत समितीच्या अंतर्गत समितीकडे, नाहीतर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. स्थानिक समिती शासनाने नेमलेल्या जिल्हा अधिकाऱ्याच्या (जिल्हाधिकारी, उपजिल्हाधिकारी वगैरे) अखत्यारीत असते, कामकाज महिला व बाल विकास कार्यालयातून चालतं. आरोप खुद्द संस्थेच्या चेअरमनवर असेल तरीही दार हेच. तोच मालक असताना त्याच्या शाळेतल्या समितीने त्याची चौकशी करणं म्हणजे चोराच्या हाती चाव्या.

अक्कलकुवा, धडगावकडच्या बाईने नंदुरबार गाठायची गरज नाही, हे फार कमी जणांना माहीत आहे. तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा असतो, तो तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवतो. शी-बॉक्स या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही करता येते.

जिल्हा परिषदेत हत्यार कोणतं असतं ते बघा. शिक्षणसेवकाचा कायम होण्याआधीचा तीन वर्षांचा काळ, गोपनीय अहवाल, बदलीचा अर्ज, वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव. 'फाईल पाहतो, पण एकदा भेटून जा' हे वाक्य ऐकायला साधं आहे. कामाच्या बदल्यात फायदा किंवा नुकसान सुचवणं हे कायद्यात छळाचंच लक्षण. रात्री साडेदहाला केंद्राच्या ग्रुपवर नाही, वैयक्तिक नंबरवर 'झोपल्या का मॅडम' येतं, तेव्हा स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ, नंबर तिन्ही दिसायला हवेत. नुसतं नाव दिसलं तर 'नाव तुम्हीच सेव्ह केलं' म्हणतात. मूळ मेसेज पुसू नका, फोन बदलू नका.

अपडाऊनचं विचारतात बरेच. सुरत-भुसावळ रेल्वेने, काळीपिवळीने किंवा चार शिक्षकांनी मिळून लावलेल्या गाडीने. संस्थेने दिलेलं वाहन कामाच्या ठिकाणात येतं हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. स्वतः लावलेल्या गाडीवर वाद होतो, समितीने तो विषय ऐकावा असं माझं मत. शिक्षण परिषद, प्रशिक्षण, शाळेची सहल ही कामाचीच ठिकाणं.

आश्रमशाळेच्या अधीक्षिका, सातपुडा भाग

निवासी शाळेत ड्युटी संपते असं काही नसतं. क्वार्टर आवारात, पाण्याची टाकी एक, जेवणघर एक. अंतरिम दिलासा मागताना 'त्यांची बदली करा' एवढंच लिहू नका, लेखी मागणी तीन भागांत करा. एक, कोणाची तरी बदली. दोन, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा, ती नेहमीच्या रजेतून कापायची नाही. तीन, समोरच्याने तिचा गोपनीय अहवाल लिहायचा नाही, तिच्या कामावर देखरेख करायची नाही. दोघांपैकी एकाला हलवायचं तर तक्रार करणारीलाच हलवतात. 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' म्हणतात. तिने मागितलं नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा.

मुलीचा विषय आला की समितीचा कायदा बाजूला. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीशी संबंधित काही कानावर आलं की पोलिसांना कळवणं पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, प्रत्येकाला बंधनकारक आहे. आधी आपण चौकशी करू, खरं-खोटं बघू, मग कळवू, हे चालत नाही. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही सांगता येतं. मुलीचं नाव, वर्ग, पाडा, काहीच ग्रुपवर टाकायचं नाही.

शाळा न्यायाधिकरणात काम करणारे वकील

खासगी शाळेत समितीचा अहवाल आला म्हणजे संपलं, असं संस्थाचालक समजतात. २०१२ मध्ये मेधा कोतवाल-लेले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समितीचा अहवाल शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल धरावा असं सांगितलं. तरी १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली बडतर्फी झाली की न्यायाधिकरणात पहिला मुद्दा येतो, १९८१ च्या नियमावलीतली चौकशीची पद्धत, नियम ३६ आणि ३७, पाळली का? अपिलाची मुदत तीस दिवसांची. त्यामुळे समितीनेच आरोप कलमवार लिहून द्यावेत, जबाबावर प्रत्येक पानाला सह्या घ्याव्या, उलटतपासणी नोंदवावी. ढिल्या अहवालावर माणूस परत कामावर येतो, वर मागचा पगारही मागतो.

पोलिसांत जायचं की समितीकडे, हा प्रश्न चुकीचा. दोन्ही चालतं, एकाने दुसरं अडत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळासाठी, ७८ पाठलागासाठी, ७९ शब्द-हावभावासाठी. बाईंनी फिर्याद द्यायची ठरवली तर मदत करणं संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे.

अंतर्गत समितीच्या अध्यक्ष (पुन्हा)

समेटाबद्दल कुणी लिहिलं नाही. आपल्याकडे चार मोठी माणसं बसवून 'बहीण म्हण, पाया पड, विषय संपव' असं होतं, आणि बैठकीला बाई स्वतः नसतातच. कायद्यात समेट आहे, पण चौकशी सुरू होण्याआधी, फक्त तक्रारदाराने मागितला तर, आणि पैशाच्या बोलीवर अजिबात नाही. मुख्याध्यापकाने किंवा चेअरमनने सुचवलेला समेट हा समेटच नव्हे.

लिपिक (पुन्हा)

कुणीतरी विचारलंय, अहवाल दिला आणि संस्था बसून राहिली तर? चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल संस्थेला आणि दोन्ही बाजूंना द्यायचा, आणि संस्थेने साठ दिवसांत शिफारशींवर कारवाई करायची. समितीच नसेल किंवा अहवालावर काही केलं नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. अहवालाला जावक क्रमांक टाकून चेअरमनची पोहोच सही घ्या, कारण साठ दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.