सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये आईबाबांसोबत काय खावे?

प्रश्न
नमस्कार. डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन चार दिवसांसाठी सिंगापूरला जात आहे. रोज भारतीय उपाहारगृहात न जेवता हॉकर सेंटरमधले, म्हणजे एका छताखाली अनेक छोटे खाद्यस्टॉल असलेल्या जागेतले, स्थानिक पदार्थ चाखायचे, असे बाबांनी आताच सांगून ठेवले आहे. ते मासे आणि कोंबडी खातात, पण गोमांस व डुकराचे मांस त्यांना चालत नाही; आई शाकाहारी असून अंडेही खात नाही. दोघांना एकाच टेबलावर समाधानाने जेवता येईल अशी जागा कोणती, आणि मागवताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १
पहिल्या दिवशी लिटल इंडियातील टेक्का सेंटरला जावे, कारण तेथे दाक्षिणात्य शाकाहारी पदार्थ सहज मिळतात आणि आईंची भूक भागल्याशिवाय बाबांनाही निवांत चाखता येणार नाही. संध्याकाळी सातनंतर लाउ पा सातला जा. 1894 साली उभारलेल्या या अष्टकोनी, बिडाच्या खांबांच्या मंडईशेजारचा रस्ता तेव्हा वाहनांना बंद होतो आणि कोळशावर साते (काडीला लावलेले मांसाचे तुकडे) भाजले जाते. बाबांसाठी कोंबडीचे मागवावे. चार क्वे त्याओ या परतलेल्या नूडल्समध्ये अनेकदा डुकराची चरबी असते, म्हणून हलाल पाटी असलेला स्टॉल त्यांच्यासाठी अधिक सोयीचा.

उत्तर २
आईंच्या बाबतीत मी अधिक सावध राहीन, कारण अडचण वर दिसणाऱ्या तुकड्यांची नसून मसाल्याची आणि रश्शाची आहे. सांबल या तिखट चटणीत बहुधा बेलाचान असते, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून केलेला लगदा. लाक्सा या नूडल्सच्या पदार्थातील नारळाच्या रश्श्यातही सुकी कोळंबी वाटलेली असते, त्यामुळे वरचे मासे काढून तो शाकाहारी होत नाही. चिकन राइसचा नुसता भातही कोंबडीच्या चरबीत व रश्शात शिजवतात. ‘कॅरट केक’ तर नावावरून गोड वाटतो, पण तो मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या अंड्यात परतून करतात. चिनी शाकाहारी स्टॉलवरचे मांसासारखे दिसणारे तुकडे सोयाबीनचे किंवा गव्हाच्या प्रथिनाचे असतात. हे आईंना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ताट समोर आल्यावर त्या दचकणार नाहीत.

उत्तर ३
वरील सूचना योग्यच आहेत. प्रत्येकाने पूर्ण ताट घेण्याऐवजी एकेक पदार्थ मागवून वाटून खावा. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवलेले दिसले, तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समजावे. जेवणानंतर ट्रे स्वतः परत ठेवणे 2021 पासून बंधनकारक आहे, आणि हलाल ताटांची जागा बहुधा वेगळी असते.

आपण कोकणातले असाल, तर आईंना चेंडोल नक्की द्या. पानदानच्या पानांनी हिरव्या झालेल्या पिठाच्या शेवया, नारळाचे दूध, माडाचा गूळ आणि बर्फ असे त्याचे रूप असते. माझ्या मालवणच्या आत्याने पहिला घास घेतला आणि त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, ही तर आपली शिरवाळी!”