ढिगातून वाफा निघतायत, गांडुळं सोडू का?

प्रश्न
उसाचं पाचट आणि गोठ्यातलं शेण थरावर थर रचून चार फूट उंच ढीग लावलाय. मधून थोडा युरिया टाकला. आठवडाही झाला नाही, तोच पहाटे ढिगातून वाफा निघायला लागल्या. आत हात घातला तर ठेववत नाही. शेजारी म्हणतात, खत जळतंय, भरपूर पाणी मार आणि गांडुळं सोडून दे. काय करू?

उत्तर
पाणी मारा, हाय काय त्यात. आमच्याकडं तसंच करतात.

उत्तर
दादा, गांडुळं आत्ता अजिबात सोडू नका! 35 अंशांच्या पुढे ती तगत नाहीत, आणि तुमच्या ढिगाच्या पोटात 55-60 अंश सहज असतील.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, घरची शेतीही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खत जळत नाहीये, ते तयार होतंय. सुरुवातीला साधे जिवाणू शेणातलं पचायला सोपं ते खातात. त्यांच्या श्वसनाची ऊब मोठ्या ढिगात कोंडते. 45 अंशांच्या आसपास त्यांनाच ती सोसेनाशी होते आणि उष्णताप्रिय जिवाणू कामाला लागतात. ते विकत आणावे लागत नाहीत. बॅसिलस, जिओबॅसिलस यांचे बीजाणू मातीत आणि शेणात ऊब मिळेपर्यंत नुसते पडून असतात. असे जीव म्हटलं की आपल्याला वज्रेश्वरीची कुंडं आठवतात. पण थॉमस ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना 1960च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थर्मस नावाचा जो जिवाणू सापडला, त्याचे भाऊबंद पुढे कंपोस्टच्या ढिगांतही मिळालेत.

वीतभर उकरून बघा. पाचटावर राख भुरभुरल्यासारखा पांढरट थर दिसेल. तो ॲक्टिनोमायसीट जिवाणूंचा. पाचटातलं चिवट सेल्युलोज फोडण्यात त्यांचा मोठा वाटा. तो थर दिसला की मला फार बरं वाटतं. शिवाय 55 अंशांवर काही दिवस राहिलं की तणाचं बहुतेक बी, रोगजंतू आणि शेणातून येणारी, मुळं खाणारी हुमणीची अळी मरते. कच्चं शेण उसात टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावंच.

फक्त कडेचा माल थंड राहतो, म्हणून पलटी मारा. 70च्या पुढे गेलं तर हे जिवाणूही मरायला लागतात. पाणी बेतानं: मूठ दाबली की थेंब-दोन थेंब यावेत. चिखल केलात तर हवा कोंडेल आणि ढीग आंबूस वास मारेल. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र उडून चाललंय, पाचट वाढवा.

प्रश्नकर्ता
ताई, पलटी मारली. थंड झाला होता, दुसऱ्या दिवशी परत तापला. बिघडलं का?

उत्तर
नाही हो, उत्तम चाललंय. कडेचा माल आत गेला, हवा मिळाली. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून ठेवा, थोड्या वेळानं काढून हात लावा. ओल असून, पलटी मारूनही सळई गार निघायला लागली की आधी मूठभर गांडुळं एका कोपऱ्यात सोडा. ती आत शिरली तर बाकीची सोडा, बाहेर पळाली तर अजून थांबा.